‘बोनाफाईड’ नीट समजून घेताना: उच्चार, अर्थ, स्पेलिंग आणि उगम

महाराष्ट्रात हा शब्द बहुतेकांना पहिल्यांदा भेटतो तो शाळेच्या कचेरीच्या खिडकीवर. शिष्यवृत्तीचा अर्ज, रेल्वेचा सवलतीचा पास, बँकेतलं खातं, पासपोर्ट, अशा कुठल्यातरी कामासाठी ‘बोनाफाईड काढून आण’ असं कोणीतरी सांगतं. मुलगा ‘बोनाफाईड द्या’ म्हणतो आणि शिक्का मारलेला कागद घेऊन घरी जातो. त्यामुळे बोनाफाईड म्हणजे एक प्रकारचा दाखला, ही समजूत पक्की होते. पुढे हाच शब्द वकिलाच्या नोटिशीत, भाडेकराराच्या वादात, विम्याच्या कागदात किंवा अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात दिसला की माणूस गोंधळतो, कारण तिथे कुठलाच दाखला नसतो.

मुळात हा दोन लॅटिन शब्दांचा जोड आहे आणि त्यात कागदाचा काही संबंध नाही. त्याचा अर्थ माणसाच्या मनातल्या हेतूशी निगडित आहे. तो अर्थ समजायला इंग्रजीपेक्षा मराठी व्याकरण जास्त उपयोगी पडतं, हे पुढे दिसेलच. आधी उच्चार घेऊ, कारण अडखळायला सुरुवात तिथूनच होते.

पहिली पायरी: शब्द तोडा

हे दोन शब्द आहेत, ‘बोना’ आणि ‘फाइड’. मराठीत आपण ते जोडून लिहितो आणि ते आता रुळलेलं आहे. इंग्रजीत मात्र मधे मोकळी जागा लागते. पहिल्या शब्दाची अक्षरं बी-ओ-एन-ए, दुसऱ्याची एफ-आय-डी-ई.

स्पेलिंगमधली सर्वांत मोठी चूक दुसऱ्या शब्दाच्या शेवटी होते. तिथे आय-ई-डी असं लिहिलेलं वरचेवर दिसतं. कारण उघड आहे. ‘सर्टिफाइड’, ‘क्वालिफाइड’, ‘व्हेरिफाइड’ हे शब्द कानावर असतात, त्यांच्या शेवटीही ‘फाइड’ ऐकू येतं आणि हाही त्यातलाच एक असेल असं वाटतं. पण ती क्रियापदांची भूतकाळी रूपं आहेत. ‘बोनाफाय’ नावाचं क्रियापद नाही, म्हणून त्याचं भूतकाळी रूपही नाही. शेवटची दोन अक्षरं डी आणि ई, याच क्रमाने. नामाआधी विशेषण म्हणून वापरताना काही जण मधे जोडरेघ देतात. ती चालते, पण गरज नसते. दोन्ही शब्द चिकटवून लिहिणं मात्र इंग्रजी मजकुरात टाळावं.

दुसरी पायरी: एकेक ध्वनी

पहिला ‘बो’. मराठी ‘बोट’मधला ओ एका जागी स्थिर राहतो. इंग्रजीत तो सरकतो, म्हणजे ओठ हळूहळू जास्त गोल होत ‘उ’कडे जातात. अमेरिकी उच्चार ‘बोउ’च्या जवळ जातो. ब्रिटिश उच्चार ‘अ’पासून सुरू होऊन ‘उ’कडे जातो, साधारण ‘बअउ’सारखा. अमेरिकेत काही जण हा स्वर ‘आ’कडे झुकवून ‘बाना’ असंही म्हणतात, आणि तेही शब्दकोशांनी मान्य केलेलं आहे.

दुसरा ‘न’. आपण ‘ना’ लिहितो, पण इंग्रजीत तिथे लांब ‘आ’ नाही. तिथे आपला साधा ‘अ’ आहे, ‘अजून’मधला. मराठी माणसाला हा स्वर मुळीच अवघड नाही, अडचण फक्त लिपीची आहे. ‘बोन’ असं लिहिलं तर आपण सवयीने शेवटचा अ गिळतो आणि ‘बोन्’ म्हणतो. तो वाचवण्यासाठी काना दिला गेला आणि मग काना दिसतो म्हणून आपण ‘ना’ ताणू लागलो. लिहिताना काना राहू द्या, बोलताना तो आखूड ठेवा.

तिसरा ‘फ’. ‘फणस’ म्हणताना बऱ्याच मराठी भाषकांचे दोन्ही ओठ मिटतात आणि हवेचा झोत सुटतो. इंग्रजी ध्वनीसाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा घासत बाहेर सोडायची. स्वतःची परीक्षा सोपी आहे. हा ध्वनी तीन सेकंद सलग ताणून पाहा. ताणता आला तर दात-ओठांचा, म्हणजे बरोबर. ओठ मिटून काढलेला फ ताणता येतच नाही, तो एकदा फुटला की संपतो. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरली तरी फरक कळतो. मिटल्या ओठांच्या फला पट्टी झटक्यात उडते, दातांच्या फला ती एकसारखी हलत राहते.

चौथा भाग ‘फाय’. ‘काय’, ‘पाय’, ‘जाय’ यांच्याशी यमक जुळतं, इतकं पुरेसं आहे.

शेवटचा ‘ड’. आपला ‘ड’ जीभ मागे वळवून टाळूला लावून निघतो, ‘द’ दातांना लावून. इंग्रजी ध्वनी दोहोंच्या मधला आहे. वरच्या दातांच्या मागे हिरडीचा जो उंचवटा लागतो, तिथे जिभेचं टोक टेकवायचं. ‘द’ म्हणायच्या तयारीत जीभ ठेवा आणि ती किंचित मागे सरकवा.

तिसरी पायरी: ‘फाइड’ की ‘फायडी’?

दोन्ही बरोबर आहेत, पण जागा वेगवेगळ्या आहेत.

ब्रिटिश वळणाचा उच्चार चार ठोक्यांचा: बो-न-फाय-डी. मुख्य आघात ‘फाय’वर, हलका आघात ‘बो’वर. टाळी वाजवून म्हणून पाहा. तिसऱ्या टाळीला जोर आला पाहिजे. अमेरिकेत सर्वाधिक ऐकू येतो तो तीन ठोक्यांचा: बो-न-फाइड. इथे ‘बो’वर जोर असतो आणि ‘फाइड’ही दबत नाही. ‘फाइड’चं यमक ‘साइड’, ‘गाइड’ यांच्याशी. आपण मराठीत ‘फाईड’ असा दीर्घ ई लिहितो, त्यामुळे ते ‘फा-ईड’ असं दोन तुकड्यांत म्हटलं जातं. इंग्रजी बोलताना तो एकच तुकडा ठेवा.

ही फूट पडली कशी, ते कळलं की कुठला उच्चार कुठे शोभतो हे पाठ करावं लागत नाही. प्राचीन रोममध्ये हे शब्द साधारण ‘बोना फिदे’ असे म्हटले जात. द दातांचा, मराठी ‘द’सारखाच. ‘फि’ ऱ्हस्व, शेवटचा ‘ए’ लांब. देवनागरीत हा उच्चार इंग्रजी लिपीपेक्षा नेमका उतरतो. इंग्लंडमधले लोक लॅटिन वाचताना इंग्रजीच्याच सवयीने वाचत आणि आघाताखालचा तो ‘फि’ लांब करून ‘फी’ म्हणत. पुढे साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले लांब स्वर आपापल्या जागेवरून सरकले. लांब ‘ई’चा ‘आय’ झाला, लांब ‘ए’चा ‘ई’ झाला. इंग्रजी शब्दांबरोबर लॅटिन शब्दही या लाटेत वाहून गेले. ‘फीदे’मधल्या पहिल्या स्वराचा ‘आय’ आणि दुसऱ्याचा ‘ई’ केला की हातात काय उरतं? ‘फायडी’. म्हणजे वकिलांच्या तोंडी असलेला हा उच्चार लॅटिनपासून दूर दिसला तरी तो नियमाने बदललेला आहे, चुकून झालेला नाही.

‘फाइड’ मात्र डोळ्यांनी घडवलेला उच्चार आहे. ‘साइड’, ‘वाइड’ यांच्या शेवटी जसा ई लिहायचा पण म्हणायचा नाही, तसाच इथलाही मुका समजला गेला. लॅटिनमध्ये मुका ई नसतो. तरीही हा उच्चार आज इतका रुळला आहे की त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही. ‘व्हाइसी व्हर्सा’ आणि ‘व्हाइस व्हर्सा’ यांच्यात हीच ओढाताण आहे, अगदी त्याच कारणाने.

मग निवड कशी करायची? इंग्लंडमध्ये आणि कायद्याच्या औपचारिक बोलण्यात ‘फायडी’. अमेरिकेत ‘फाइड’. शाळेच्या कचेरीत मराठी बोलताना ‘बोनाफाईड’च म्हणावं. तो आता मराठीतला शब्द आहे, त्याला मराठीचा उच्चार आहे, आणि खिडकीपलीकडच्या कारकुनाला ‘बोना फायडी’ म्हणून दुरुस्त करण्यात काही साधत नाही. फक्त एक पथ्य पाळा: एकाच भाषणात किंवा एकाच मुलाखतीत दोन्ही उच्चार मिसळू नका.

चौथी पायरी: अर्थ विभक्तीतून

इथे मराठी वाचक इंग्रजी वाचकापेक्षा पुढे असतो. लॅटिनमध्ये ‘फिदेस’ म्हणजे विश्वास, निष्ठा, दिल्या शब्दाला जागणं. शब्द स्त्रीलिंगी आहे. ‘बोना’ म्हणजे चांगली. ‘बोना फिदेस’ म्हणजे चांगली निष्ठा. आता आपण मराठीत ‘चांगली निष्ठा’ला ‘ने’ लावला की काय होतं? ‘चांगल्या निष्ठेने’. नाम बदललं, विशेषणही बदललं. लॅटिनमध्ये नेमकं हेच होतं. ‘फिदेस’चं ‘फिदे’ झालं आणि ‘बोना’चा शेवटचा आ लांब झाला. आपल्या तृतीया आणि पंचमीची कामं, आणि बऱ्याच अंशी सप्तमीचंही, लॅटिनमध्ये एकाच विभक्तीकडे आहेत. तिचं हे रूप.

म्हणून ‘बोना फिदे’चा शब्दशः अर्थ ‘चांगल्या निष्ठेने’, आजच्या कायद्याच्या मराठीत ‘सद्भावपूर्वक’. त्यातला ‘ने’ शब्दाच्या आतच बसलेला आहे.

एवढं लक्षात आलं की तीन चुका आपोआप टळतात.

एक: इंग्रजी वाक्यात या शब्दाआधी ‘इन’ किंवा ‘विथ’ लावतात. ‘ही अ‍ॅक्टेड इन बोना फाइड’ हे ‘तो निष्ठेनेने वागला’ म्हटल्यासारखं आहे. ‘ही अ‍ॅक्टेड बोना फाइड’ इतकंच पुरे. ‘इन’ हवाच असेल तर पुढे सरळ इंग्रजी ‘गुड फेथ’ वापरावं. रोजच्या लिखाणात ते जास्त बरं वाटतं.

दोन: ‘बोना फायडीझ’ हे वेगळं रूप आहे, आणि शेवटी एस आहे म्हणून ते अनेकवचन नाही. तो एस मूळच्या एकवचनी ‘फिदेस’चा, म्हणजे ‘ने’ न लागलेल्या प्रथमेच्या नामाचा. एखाद्याचा खरेपणा किंवा विश्वासार्हता असा त्याचा अर्थ. ‘त्याच्या बोना फायडीझची खात्री करून घ्या’ म्हणजे हा माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ते खरं आहे का, ते तपासा. इंग्रजी बोलणारेही आता त्याला सर्रास अनेकवचन समजून क्रियापद लावतात. पण त्यातला एस काढून ‘अ बोना फाइड’ असं एकवचन बनवू नये.

तीन: नकार देताना ‘नॉन बोना फाइड’ म्हणण्याची गरज नाही. उलट अर्थाचा तयार शब्द आहे, ‘मॅला फायडी’, वाईट हेतूने. स्पेलिंग एम-ए-एल-ए, पुढचा शब्द तोच. मराठीत ‘दुर्भावनेने’. फक्त हे ध्यानात असू द्या की हे विरुद्ध शब्द असले तरी मधे जागा आहे. सद्भाव सिद्ध झाला नाही म्हणजे दुर्भाव सिद्ध झाला असं होत नाही. ‘मॅला फायडी’चा आरोप हा गंभीर आरोप आहे आणि तो करणाऱ्यालाच तो तपशिलासह सिद्ध करावा लागतो. अर्जात तो शब्द सहज म्हणून टाकू नये.

दोन अर्थ, त्यांत गल्लत नको

इंग्रजीत या शब्दाला कालांतराने दुसरा अर्थ चिकटला: अस्सल, खराखुरा. ‘बोना फाइड स्टुडंट’ म्हणजे खरोखरच तिथे शिकणारा विद्यार्थी. ‘बोना फाइड ऑफर’ म्हणजे घेण्याच्या इराद्याने दिलेली खरी किंमत, भाव वाढवण्यासाठी सोडलेली पुडी नव्हे.

पहिला अर्थ हेतूचा, दुसरा वस्तुस्थितीचा. दोन्ही नेहमी एकत्र असतीलच असं नाही. बाजारात तुम्हाला कोणी खोटी नोट दिली, तुम्हाला ते कळलं नाही आणि तुम्ही तीच पुढे भाजीवालीला दिली. नोट अस्सल नाही, पण तुमचा व्यवहार बोना फाइड आहे. कळल्यानंतर तीच नोट खपवायला गेलात तर नोट तीच राहते आणि तुमचा व्यवहार मात्र बदलतो. मजकूर वाचताना स्वतःला एवढं विचारायचं: इथे वस्तू खरी आहे की नाही हे सांगायचंय, की माणसाचं मन साफ होतं की नाही? उत्तर मिळालं की मराठी शब्दही सापडतो. पहिल्याला ‘अस्सल’, ‘खराखुरा’. दुसऱ्याला ‘सद्भावपूर्वक’, ‘सद्हेतूने’, बोलण्यात ‘प्रामाणिकपणे’.

शब्द आला कुठून

रोमन लोकांनी ‘फिदेस’ला देवता मानलं होतं. रोममधल्या कॅपिटोलाइन टेकडीवर तिचं मंदिर होतं. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये कर्तव्यांविषयी जे लिहिलं, त्यात तो या शब्दाची व्युत्पत्ती ‘जे बोललं ते घडावं’ अशी देतो. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ती टिकत नाही, पण रोमन माणसाला या शब्दात काय ऐकू येत होतं ते तीतून कळतं. खरं मूळ विश्वास ठेवणं या अर्थाच्या धातूत आहे. ‘फिडेलिटी’, ‘कॉन्फिडन्स’, ‘फेडरल’ आणि जुन्या फ्रेंचमधून आलेला ‘फेथ’ हे सगळे त्याच घरातले. ‘हाय-फाय’मधला फायसुद्धा ‘फिडेलिटी’चाच, मूळ आवाजाशी निष्ठा राखणारा.

कायद्यात हा शब्द रुजला तो एका खऱ्या अडचणीतून. जुना रोमन कायदा ठरीव शब्दांवर चाले. ठरावीक वाक्य उच्चारलं तर बंधन, नाही तर नाही. पण व्यापार वाढला तसा तोंडी, विश्वासावरचा व्यवहार वाढला. तेव्हा न्यायाधीशाला अशी मुभा दिली गेली की त्याने केवळ शब्द न पाहता ‘चांगल्या निष्ठेनुसार’ काय देणं लागतं ते ठरवावं. खरेदी-विक्री, भाडं आणि मजुरी, भागीदारी, मुखत्यारी हे चार करार नुसत्या संमतीने होत आणि ते या कसोटीखाली येत. मुख्य धर्माधिकारी आणि मोठा कायदेपंडित क्विंटस म्यूसियस स्काएव्होला या सूत्राला सर्वांत जास्त वजन आहे असं म्हणत असे, हे सिसेरोने नोंदवलं आहे.

त्याच लिखाणात सिसेरोने दिलेली एक गोष्ट, हा शब्द का लागला ते चांगलं दाखवते. कॅनियस नावाचा रोमन गृहस्थ सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहरात गेला आणि तिथे बाग विकत घ्यायची आहे असं बोलू लागला. पिथियस नावाच्या सावकाराने त्याला आपल्या बागेत जेवायला बोलावलं. आदल्या दिवशी त्याने कोळ्यांना बोलावून सांगून ठेवलं की उद्या माझ्या बागेसमोरच मासेमारी करा. जेवताना समोर होड्याच होड्या, आणि प्रत्येक कोळी पकडलेले मासे पिथियसच्या पायाशी आणून टाकतोय. शहरातले सगळे मासे इथेच मिळतात, असं पिथियसने सांगितलं. कॅनियसने मागेल ती किंमत देऊन बाग घेतली. दुसऱ्या दिवशी एकही होडी नाही. शेजाऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, इथे कोणी मासे धरतच नाही, काल काय झालं याचंच नवल वाटत होतं. तेव्हा अशा फसवणुकीवर दाद मागायची ठरीव तरतूद नव्हती. सिसेरोचा स्नेही गायस अक्विलियस गालसने ती नंतर घातली. आज जाहिरातीतला फ्लॅट आणि प्रत्यक्षातला फ्लॅट यांच्या तक्रारी वाचणाऱ्याला ही गोष्ट फार जुनी वाटणार नाही.

इंग्रजीत हा जोडशब्द १५४२-४३ च्या, इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या काळातल्या एका कायद्यात सापडतो, क्रियाविशेषण म्हणून, ‘सद्भावाने’ या अर्थी. विशेषण म्हणून त्याचा वापर अठराव्या शतकात सुरू झाला. १७३३ पासून इंग्लंडच्या न्यायालयांचं कामकाज लॅटिनऐवजी इंग्रजीत होऊ लागलं, तरी असे सुटे शब्द वकिलांनी सोडले नाहीत.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हा शब्द गुत्त्यापर्यंत पोहोचला. दारू विकायच्या वेळा बंधनात आल्या, पण प्रवाशाला सूट होती. १८७४ च्या कायद्याने ‘बोना फाइड ट्रॅव्हलर’ कोण ते अंतराने ठरवलं: आदल्या रात्री जिथे मुक्काम केला ती जागा किमान तीन मैल दूर हवी. आयर्लंडमध्ये ही सवलत १९६० च्या कायद्यापर्यंत चालली आणि तिथे गावाबाहेरच्या अशा दारूगृहांनाच ‘बोना फाइड’ म्हणू लागले. विशेषणाने पुढच्या नामाला गिळून टाकलं. आपल्याकडे शाळेच्या दाखल्याचं झालं ते हेच.

दाखल्याला हे नाव का पडलं

दाखल्याचा इंग्रजी मजकूर वाचा. त्यात असं काहीसं असतं की अमुक हा ‘या शाळेचा बोना फाइड स्टुडंट आहे’. विशेषण विद्यार्थ्याचं आहे, कागदाचं नाही. वाक्यातला सर्वांत उठून दिसणारा शब्द उचलला गेला आणि तो कागदाचं नाव झाला.

याचा व्यावहारिक परिणाम परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांना भोगावा लागतो. लंडन किंवा न्यू यॉर्कच्या विद्यापीठात ‘बोना फाइड सर्टिफिकेट’ मागितलं तर समोरच्याला ‘बनावट नसलेलं प्रमाणपत्र’ एवढंच ऐकू येतं. कसलं प्रमाणपत्र, ते कळत नाही. अमेरिकेत ‘एन्रोलमेंट व्हेरिफिकेशन’ मागावं, ब्रिटनमध्ये ‘स्टुडंट स्टेटस लेटर’.

इथे शाळेत अर्ज करताना कामाचा उल्लेख जरूर करा: ‘मी आपल्या विद्यालयाचा इयत्ता दहावीचा विद्यार्थी असून शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मला बोनाफाईड दाखला हवा आहे.’ हा दाखला पटावर असलेल्या विद्यार्थ्याचा. शाळा सोडली की मिळतो तो शाळा सोडल्याचा दाखला. वर्षांमागे शिकून गेलेल्याला जुन्या नोंदी हव्या असतील तर जनरल रजिस्टरचा उतारा, म्हणजे प्रवेश-निर्गम उतारा मागायचा. बोनाफाईड नव्हे.

कायद्याच्या कागदात भेटला तर

भारतीय कायद्यात ‘सद्भाव’ याची एकच व्याख्या नाही, आणि नवख्याची सर्वांत महाग चूक इथे होते. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमानुसार (इंग्रजीत ‘जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट’) एखादी गोष्ट खरोखर प्रामाणिकपणे केली असेल तर ती सद्भावपूर्वक, मग त्यात निष्काळजीपणा असला तरी. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५२ मध्ये मात्र योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावपूर्वक मानली जात नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही काळजीची अट कायम आहे. मुदतीचा कायदा, १९६३, हाही काळजी मागतो. तेव्हा ‘माझ्या मनात काही वाईट नव्हतं’ हे एका कायद्याखाली पुरतं, दुसऱ्याखाली पुरत नाही. कागद कुठल्या कायद्याखालचा आहे ते आधी पाहा.

जमीन घेताना हा फरक ठळक होतो. नोंदीवरून मालक दिसणाऱ्या माणसाकडून जमीन घेतली आणि नंतर खरा मालक उभा राहिला, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ४१ काही परिस्थितीत खरेदीदाराला वाचवतं. अट अशी की त्याने विकणाऱ्याचा अधिकार तपासायची वाजवी काळजी घेतलेली हवी आणि तो सद्भावाने वागलेला हवा. सातबारा न पाहता, जागेवर कोणाचा ताबा आहे हे न विचारता पैसे देणाऱ्याला केवळ भोळेपणाच्या जोरावर हे संरक्षण मिळत नाही.

मुंबई-पुण्याच्या भाडेकरूंना हा शब्द ‘बोना फाइड रिक्वायरमेंट’ म्हणून परिचित आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या कलम १३ मध्ये तो होता, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये तो आहे. मालकाला जागा स्वतःसाठी हवी असेल तर ती गरज ‘वाजवी’ही हवी आणि ‘बोना फाइड’ही. दोन्ही शब्द वेगवेगळे तपासले जातात. मालकाला मनापासून जागा हवी असेल पण तिची खरी निकड नसेल, तर दुसरी अट पुरी होते आणि पहिली अडते. त्याशिवाय जागा सोडायला लावल्याने जास्त त्रास कोणाला, मालकाला की भाडेकरूला, हेही न्यायालय पाहतं.

विम्यात हीच कल्पना आणखी कडक होते. तिथे ‘परम सद्भाव’ लागतो. १७६६ मध्ये कार्टर विरुद्ध बोएम या खटल्यात इंग्लंडचा न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्डने सांगितलं की विमा घेणाऱ्याला जे ठाऊक असतं ते विमा देणाऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून ते आपणहून सांगितलं पाहिजे. प्रस्तावपत्रात जुना मधुमेह लपवला तर दावा अडू शकतो, तो या तत्त्वामुळे.

परदेशातून येणाऱ्यांना सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ७९ मध्ये हा शब्द भेटतो. तिथे ‘बोना फाइड बॅगेज’ म्हणजे प्रवाशाच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या वापराचं सामान, किंवा खरीखुरी भेटवस्तू. विक्रीसाठी आणलेले दहा एकसारखे फोन त्यात बसत नाहीत. अमेरिकेत जोडीदारासाठी ग्रीन कार्डचा अर्ज करणाऱ्याला विवाह ‘बोना फाइड’ असल्याचे पुरावे मागतात. तिथे विवाहाची नोंद खरी असणं पुरत नाही. संसार करण्याच्या हेतूनेच लग्न झालं हे दाखवावं लागतं, म्हणून एकत्र पत्ता, संयुक्त बँक खातं, घराचा दोघांच्या नावचा करार असे कागद जोडतात. नुसतं विवाह प्रमाणपत्र पाठवून थांबणारे अर्ज इथेच अडकतात.